गावचे वाजंत्री आणि विजेची गिटार



आजचा विषय पत्रकात वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, वाङ्मय यांची चर्चा व्हावयाची, तेथे विलायतेतील पाच तरुण गायक-वादकांनी 1970 साली काढलेल्या एका तबकडीचे काय प्रयोजन? या प्रश्नाचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो. वाडवडिलांकडून आलेली वस्तू जतन करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. ती कपाटात कुलूप लावून ठेवावी, की रोजच्या वापरात आणून झिजू द्यावी? या प्रश्नाचा इतका उघडा आणि कानांनी ऐकता येईल असा निवाडा आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळला. म्हणून ही तबकडी.

मंडळीचे नाव स्टीलआय स्पॅन आणि तबकडीचे नाव ‘हार्क! द व्हिलेज वेट’. यातील ‘वेट’ या शब्दाचा अर्थ नीट सांगावयास हवा. इंग्लंडातील अनेक शहरांत मध्ययुगापासून नगराच्या पगारावर वाजंत्री नेमलेले असत. त्यांस ‘वेट’ म्हणत. मिरवणुकीत वाजवावे, बड्या पाहुण्याचे स्वागत करावे, रात्रीच्या गस्तीच्या वेळी वाद्ये घेऊन फिरावे, अशी त्यांची कामे. 1835 साली पार्लमेंटाने नगरपालिकांचा नवा कायदा केला आणि ही जुनी पदे बुडाली. पुढे नाताळात दारोदार गात फिरणाऱ्यांपुरते ते नाव उरले. तेव्हा तबकडीच्या नावाचा भावार्थ, ‘ऐका हो ऐका, गावचे वाजंत्री आले!’ असा. ज्यांची नेमणूक रद्द होऊन 135 वर्षे लोटली, ते वाजंत्री पुन्हा दारी आले आणि येताना विजेची गिटार घेऊन आले, ही त्यातली गंमत.

आता थोडे मागे जाऊ. 1903 साली सेसिल शार्प नावाचे एक संगीतशिक्षक सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज या खेड्यात आपल्या पाद्री स्नेह्याकडे उतरले होते. पाद्रीबुवांच्या बागेत जॉन इंग्लंड नावाचा माळी काम करता करता एक प्रेमगीत गुणगुणत होता. शार्पसाहेबांनी कागद काढला, चाल टिपून घेतली, शब्द उतरवून घेतले. इंग्लंडातील लोकगीत-संग्रहाच्या चळवळीत या प्रसंगाला मोठा मान आहे. चळवळ शार्पांनी सुरू केली असे मात्र नव्हे. लोकगीतांसाठी एक मंडळ 1898 सालीच स्थापन झाले होते. पण शार्पांनी या कामाला आयुष्य वाहिले आणि सुमारे पाच हजार चाली जमविल्या. व्हॉन विल्यम्स या थोर संगीतकारांनीही त्याच सुमारास खेडोपाडी हिंडून आठशेंवर गाणी मिळविली. या मंडळींची धडपड रास्त होती. गाणारे बहुतेक वृद्ध होते, त्यांची मुले शहरांत गेली होती, आणि एकेका म्हाताऱ्याबरोबर गाण्यांचे एकेक गाठोडे मातीआड होत होते.

पण हॅम्ब्रिजच्या त्या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, आणि आम्हांस तोच अधिक बोलका वाटतो. माळ्याकडून मिळालेल्या चालीला शार्पांनी लगोलग पियानोची साथ बसविली आणि त्याच दिवशी संध्याकाळी एका बाईंकडून ते गाणे मंडळींपुढे म्हणवून घेतले. श्रोते खूष झाले. गाण्याने आज पहिल्यांदाच मेजवानीचा पोशाख चढविला, असे कोणी म्हणाले. जॉन इंग्लंड तेथे हजर होता. त्याला अभिमान वाटला. मात्र त्या पोशाखाविषयी त्याचे मन साशंक होते, कारण त्याच्या गाण्यात पियानो कधी नव्हताच, असे शार्पांच्या चरित्रात नमूद आहे.

श्रोतेहो, हा पियानो ध्यानात ठेवा. खेड्यातला इंग्रज गायक बहुधा साथीवाचून गात असे. शार्पांनी छापलेल्या सॉमरसेटच्या संग्रहात पियानोची साथ आहे आणि जेथे मूळचे शब्द अंमळ उघडे होते तेथे ते सोज्ज्वळ करून घेतलेले आहेत. या रूपात ती गाणी शाळांतून शिकविली गेली. पियानोने लोकगीत भ्रष्ट झाले, अशी मोठी ओरड तेव्हा झाली नाही. का झाली नाही? पियानो हे दिवाणखान्यातले, कुलीन घरातले वाद्य. त्याचा सोवळेपणा कोणी तपासला नाही.

साठ वर्षांनी ओरड झाली ती विजेच्या गिटारीविषयी. 1965 च्या जुलैत अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकगीत-महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उठली. पुढल्या वर्षी मे महिन्यात मँचेस्टरच्या सभागृहात तर कोणी त्याला उद्देशून ‘जूडास’ असे ओरडले. जूडास म्हणजे येशूला पकडून देणारा फितूर. पण डिलन गात होता ती त्याची स्वतःची गाणी. इंग्लंडातील प्रश्न याहून नाजूक होता. तेथे गाणे तीनशे वर्षांचे, कर्ता अज्ञात, आणि त्याला हात लावावयाचा अधिकार कोणाचा हेच ठरलेले नाही.

हा प्रश्न अंगावर घेणारा गृहस्थ म्हणजे अ‍ॅशली हचिंग्ज. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या लंडनच्या मंडळीत तो बास गिटार वाजवी. 1969 च्या मे महिन्यात कार्यक्रम आटोपून परतताना त्यांच्या गाडीला हमरस्त्यावर भीषण अपघात झाला. त्यांचा तरुण ढोलवादक मार्टिन लॅम्बल आणि बरोबरची एक मैत्रीण प्राणास मुकली. वाचलेल्यांनी जुनी गाणी गायची नाहीत असे ठरविले आणि इंग्रजी परंपरेकडे मोर्चा वळविला. हचिंग्ज शार्पांच्या नावाने लंडनात उभ्या असलेल्या वास्तूत जाऊन संग्रहांत डोके खुपसून बसू लागला. त्यातून ‘लीज अँड लीफ’ ही तबकडी 1969 च्या डिसेंबरात निघाली. ती निघण्यापूर्वीच हचिंग्ज मंडळीतून बाहेर पडला होता. त्याला परंपरेत आणखी खोल जावयाचे होते.

त्याला चार सोबती मिळाले. टिम हार्ट आणि मॅडी प्रायर ही जोडी इंग्लंडच्या लोकगीत-क्लबांतून गात असे; दोघांच्या जुन्या इंग्रजी गाण्यांच्या दोन तबकड्या निघाल्या होत्या. टेरी वुड्स आणि गे वुड्स हे आयर्लंडचे दांपत्य. या पाच जणांनी विल्टशायरमधील विंटरबोर्न स्टोक या खेड्यात, प्रसिद्ध स्टोनहेंजपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, एक घर घेऊन तालमी केल्या.

नाव कसे ठेवले याची एक हकिगत सांगतात. पर्सी ग्रेंजर यांनी लिंकनशायरमध्ये मिळविलेल्या एका गाण्यात दोन नोकरमाणसांच्या मारामारीचे वर्णन आहे. त्यातल्या गाडीवानाचे नाव जॉन ‘स्टीलआय’ स्पॅन. हे नाव मार्टिन कार्थी या नामांकित लोकगीत-गायकाने हार्टला सुचविले. तीन नावांवर मतदान झाले आणि हे नाव निवडून आले. मागाहून मोजले तर मतदार पाच आणि चिठ्ठ्या सहा! हार्टने दोनदा मत दिल्याची कबुली दिली. लोकशाहीच्या इतिहासात असले प्रकार नवे नाहीत. पण त्यातून इतके चांगले फळ क्वचितच निघाले असेल.

1970 च्या वसंतात लंडनच्या चेल्सी भागातील साउंड टेक्निक्स या ध्वनिमुद्रणगृहात सँडी रॉबर्टन यांच्या देखरेखीखाली मुद्रण झाले. मंडळीत ढोलवादक नव्हता. गेरी कॉनवे आणि डेव्ह मॅटॅक्स हे दोघे त्या कामापुरते आले.

तबकडीवर बारा गाणी आहेत. पहिले छोटेसे, वाद्यांवाचून म्हटलेले. इंग्लंडात तलवारनृत्याच्या खेळात आरंभी नायक पुढे येऊन एकेका नर्तकाची ओळख करून देतो, तसल्या गाण्याच्या ठशावर ते बेतले आहे. आपल्या नाटकातला सूत्रधारच म्हणाना. ही मंडळी आता आपणांपुढे खेळ करील, असे सांगून तो बाजूला होतो आणि गिटार, ढोल व बास यांसह एका लोहाराचे गाणे सुरू होते.

या गाण्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. लग्नाचे वचन देऊन लोहार निघून जातो आणि फसविलेली मुलगी त्याचे रूप व त्याचे कसब आठवीत राहते, असा विषय. हे गाणे व्हॉन विल्यम्स यांनी 1909 साली हेरफर्डशायरमधील एका खेडूत बाईकडून टिपून घेतले. त्यांनी आणि ए. एल. लॉइड यांनी मिळून संपादिलेल्या पेंग्विनच्या स्वस्त लोकगीत-संग्रहात ते 1959 साली छापले गेले. हे पुस्तक क्लबांतल्या तरुण गायकांच्या खिशात असे. पुस्तकातून ते पुन्हा तोंडी आले आणि 1970 साली मॅडी प्रायरच्या गळ्यातून तबकडीवर उतरले. बाईच्या तोंडून निघालेले गाणे कागदावरून फिरून पुन्हा बाईच्या तोंडी आले. यात कागदाचे उपकार मोठे. पण कागद हा वाटेतला मुक्काम होता, घर नव्हे.

दुसरे गाणे एका नाविकाच्या बायकोचे. पूर्वी इंग्रजी आरमाराला माणसे कमी पडली की सरकारी टोळ्या निघत आणि धडधाकट माणसांना पकडून जहाजावर नेत. या गाण्यातल्या बाईचा नवरा रात्री तिच्या शेजारून उचलून नेला आहे. नेपोलियनशी चाललेली युद्धे 1815 साली संपली आणि ही वेठ प्रत्यक्षात थांबली. तथापि 1904 साली ससेक्समध्ये व्हॉन विल्यम्स यांना हे गाणे गाणारा माणूस भेटला. जुलूम संपून नव्वद वर्षे झाली तरी हुंदका राहिला होता. इतिहासाच्या ग्रंथांत आरमाराचे विजय सापडतात. त्या विजयांसाठी कोणाच्या अंथरुणातली जागा रिकामी झाली, ते अशा गाण्यांत सापडते. वुड्सबाई आणि प्रायरबाई या दोघींनी नुसत्या गळ्यावर, एकाही वाद्यावाचून म्हटलेले एक गाणेही याच तबकडीवर आहे. तेही चांभारकाम सोडून समुद्रावर गेलेल्या प्रियकराचे. म्हणजे विजेचा हट्ट या मंडळींनी धरला नव्हता. जेथे गाणे एकटे उभे राहू शकते तेथे ते एकटे उभे केले.

कोळशाच्या खाणींतले एक गाणे मात्र ऐकताना अंगावर काटा येतो. संप मोडून कामावर जाणाऱ्या खाणकामगाराला त्यात उघड धमकी आहे: वाटेवर दोरी ताणलेली असेल, खाणीशी तुझी वाट पाहिली जाईल. हे भजन नव्हे. भुकेल्या माणसांचा राग आहे आणि त्यात क्रौर्यही आहे. 1984-85 साली ब्रिटनमध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप झाला, तेव्हा हेच गाणे संपावरच्या लोकांच्या तोंडी पुन्हा आले. पुस्तकात मिटून ठेवलेले गाणे निरुपद्रवी असते. जिवंत गाणे एखादे वेळी चावते. लोकगीतांवर प्रेम करावयाचे तर हेही पत्करले पाहिजे.

आता शुद्धतेचा मुद्दा. ठार झालेल्या सरदाराच्या प्रेतावर दोन कावळे संभाषण करतात, असे एक स्कॉटिश गीत येथे आहे. शब्द सर वॉल्टर स्कॉट यांच्या संग्रहात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छापलेले. आज जी चाल रूढ आहे ती फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताची, आणि तिची या शब्दांशी गाठ 1950 नंतरची. आणखी एक गाणे कोळिणीचे. ते ऐकून कोणीही शेकडो वर्षांचे समजेल. पण ते युअन मॅकॉल यांनी मासेमाऱ्यांच्या जीवनावरील बीबीसीच्या कार्यक्रमासाठी लिहिले आणि तो कार्यक्रम 1960 साली प्रसारित झाला. हेच मॅकॉल आपल्या लंडनच्या क्लबात गायकांनी केवळ आपापल्या देशाची गाणी म्हणावीत, असा कडक नियम पाळीत. त्यांचे दहा वर्षांचे गाणे विजेच्या वाद्यांच्या या मंडळीने शतकांच्या गाण्यांशेजारी बसविले, आणि ते तेथे शोभले. शुद्ध परंपरा शोधीत खाली उतरावे तो प्रत्येक पायरीवर कोणीतरी, कधीतरी, काहीतरी जोडलेलेच आढळते.

या तबकडीवरील वाद्यांत कॉन्सर्टिना आहे, बँजो आहे, विजेवर चालविलेले डल्सिमर आहे, आणि आपल्या ओळखीची हार्मोनियमही आहे. हार्मोनियमचे उदाहरण तर आपल्या घरचेच. ती युरोपातून आली. आपल्या नाटकांत, कीर्तनांत, भजनांत बसली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला प्रतिष्ठा दिली. तरी 1940 साली आकाशवाणीने तिला परकी ठरवून बंदी घातली, आणि ती बंदी 1971 साली कोठे सैल झाली. तोवर गावोगावच्या देवळांतली भजने काही थांबली नव्हती.

याचा अर्थ विजेच्या वाद्यांवरील सारे आक्षेप खोटे, असे आम्ही म्हणत नाही. एक आक्षेप वजनदार आहे. ग्रेंजर यांनी लिंकनशायरमध्ये 1906 साली फोनोग्राफ नेला आणि गायकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरविली. बारकाईने ऐकता असे दिसले, की जुना गायक एक कडवे दुसऱ्यासारखे म्हणत नाही. कोठे थबकतो, कोठे घाई करतो, शब्दाच्या भाराप्रमाणे मात्रा वाढवितो. त्याच्यावर कोणाची टिपरी नसते. ढोल आणि बास आले की हे स्वातंत्र्य आक्रसते; पाचांना एका ठेक्यात चालावे लागते. या तबकडीवरही काही ठिकाणी गाणे ठेक्याच्या ओझ्याने किंचित वाकलेले जाणवते. हा तोटा खरा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. असल्या तबकड्यांवर गाण्याच्या नावापुढे ‘पारंपरिक’ असे लिहून त्यापुढे मांडणी करणाऱ्यांचे नाव येते. कायद्याने मांडणीचे मानधन मांडणाऱ्याला मिळते. ज्या माळ्याने, ज्या शेतकरणीने ते गाणे तोंडी जपले, त्यांच्या वारसांच्या पदरी काही पडत नाही. यावर सोपा तोडगा नाही. निदान गाणे कोणाकडून आले, ते नाव सांगणे एवढे ऋण तरी फेडता येते.

आणि आता या कथेतला चटका लावणारा भाग. पाच माणसे एका घरात राहिली. दोन जोड्या आणि मध्ये एकटा हचिंग्ज. कुरबुरी वाढत गेल्या आणि मुद्रण आटोपताच मंडळी फुटली. या पाच जणांनी मिळून लोकांसमोर एकही जाहीर कार्यक्रम केला नाही. सूत्रधाराने सर्वांची ओळख करून दिली आणि पडदा वर जाण्यापूर्वीच नटमंडळी पांगली! तबकडी 1970 साली बाजारात आली तेव्हा ती गाणारे एकत्र नव्हते.

पण नाव टिकले. वुड्स दांपत्य गेले. त्यांच्या जागी फिडलवादक पीटर नाइट आला आणि दुसरा आला तो मार्टिन कार्थी, ज्याने मंडळीला नाव सुचविले होते तोच. साध्या गिटारीवरचा हा मातब्बर गायक आता विजेची गिटार घेऊन उभा राहिला. हचिंग्ज 1971 साली निघून गेला. 1973 साली सोळाव्या शतकातील एका छापील संग्रहात आढळणारे लॅटिन भक्तिगीत या मंडळीने वाद्यांवाचून गायिले आणि ते ब्रिटनच्या खपाच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर गेले. 1975 साली दुसरे एक जुने गाणे पाचव्यावर. गे वुड्स तर 1994 साली पुन्हा मंडळीत आल्या आणि काही वर्षे राहिल्या. टिम हार्ट 2009 च्या डिसेंबरात निवर्तले. माणसे येत गेली, जात गेली, चालू राहिली ती गाणी. लोकगीताचा कायदाच हा आहे. तो या मंडळीलाही लागू झाला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. वस्तू कपाटात ठेवावी की वापरावी? आमचे उत्तर असे, की कपाट अवश्य हवे. शार्प, व्हॉन विल्यम्स, ग्रेंजर नसते तर या पाचांना गावयास काही उरलेच नसते. पण कपाटातले गाणे हे बियाणे आहे. ते पेरण्यासाठीच राखावयाचे असते. आणि पेरले की ते त्या सालच्या मातीत, त्या सालच्या पावसावर उगवणार. 1903 सालच्या पावसाचे नाव पियानो होते, 1970 सालच्या पावसाचे विजेची गिटार.

आपल्याही गावी उद्या कोणी तरुण मंडळी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ढोल-गिटारीवर म्हणू लागतील. कदाचित म्हणतही असतील. त्यांच्यावर भ्रष्टाकाराचा शिक्का मारण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात, एवढी आमची विनंती आहे. त्यांनी शब्द ऐकू येऊ दिले आहेत काय? ज्या बाईकडून ते घेतले तिचे नाव ते घेतात काय? आणि वाद्ये बंद केली तरी ते गाणे त्यांच्या गळ्यावर उभे राहते काय? तिन्हींची उत्तरे ‘होय’ अशी आली तर दार उघडावे आणि वाजंत्र्यांना आत घ्यावे. उत्तरे ‘नाही’ आली तर खुशाल टीका करावी; पण मग ती टीका गिटारीवर नसावी, गाणाऱ्यावर असावी.